अ‍ॅटिकचं इन्सुलेशन: आधी भोकं बुजवा, मग थर घाला

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियाकडच्या जुन्या घरांच्या छपराखालच्या पोकळीत, म्हणजे अ‍ॅटिकमध्ये बहुधा तीन-चार इंचांचा फायबरग्लासचा थर सापडतो, तोही जागोजागी दबलेला. त्याची आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवायची ताकद, धरा १०-११. या पट्ट्यात अमेरिकी ऊर्जा खात्याची शिफारस एकूण आर-६०च्या आसपास आहे, म्हणजे जुन्या थरावर आर-४९ची भर. सेल्युलोजची, म्हणजे कागदाच्या भुशाची, आर-व्हॅल्यू इंचाला सुमारे साडेतीन. त्या हिशेबाने १४ इंच.

पण आकडेमोड झाली म्हणून लगेच पिशव्या आणायला धावू नका. सेल्युलोज काय, फायबरग्लास काय, उष्णता अडवतं; खालून वर येणारी हवा पूर्ण अडवत नाही. हिवाळ्यात आंघोळीची, स्वयंपाकाची वाफ भोकांतून वर जाते, छताच्या थंड फळ्यांवर तिचं पाणी होतं आणि फळ्या काळ्या पडतात. वर एकदा १४ इंच भुसा पडला की ती भोकं शोधता येत नाहीत.

म्हणून जुना थर बाजूला सारत चाला. वायरी जिथून भिंतीत उतरतात ती छिद्रं, सांडपाण्याच्या उभ्या पाइपाभोवतीची फट, भिंतींच्या माथ्यावरच्या लाकडांलगतच्या फटी, सगळं बुजवा. पाव इंचापर्यंतच्या फटीला कॉक (फटीत भरायची लुगदी), त्याहून मोठीला स्प्रे फोम. चिमणीभोवती मात्र फोम चालत नाही. तिथे पत्रा ठोकून उच्च तापमानाचा कॉक लावायचा आणि पत्र्याचंच कुंपण करून इन्सुलेशन चिमणीपासून दोन इंच लांब ठेवायचं. छतात बसवलेल्या दिव्यांवर ‘आयसी’ (इन्सुलेशन टेकलं तरी चालणारा दिवा) छाप नसेल तर त्यांच्यापासून तीन इंच अंतर सोडा, वरूनही झाकू नका. बाथरूमच्या पंख्याचा पाइप अ‍ॅटिकमध्येच उघडा सोडलेला आढळतो. तो छपरातून किंवा भिंतीतून बाहेर काढल्याशिवाय पुढचं काम करू नये.

दोन गोष्टी दिसल्या तर मात्र थेट खाली उतरा. एक, चकाकणाऱ्या खड्यांसारखं व्हर्मिक्युलाइट: माँटानातल्या लिबीची खाण १९९०पर्यंत चालू होती आणि त्या मालात अ‍ॅसबेस्टॉस असायचं. ते हलवूसुद्धा नका. दुसरी, चिनी मातीच्या खुंट्यांवरून ओढलेली जुनी वायरिंग. तिच्यावर थर घातला की वायरी तापतात, आधी इलेक्ट्रिशियन.

आता वळचण. सॉफिटमधून, म्हणजे वळचणीच्या खालच्या बाजूने, येणाऱ्या हवेची वाट बुजली की छप्पर कुबट होतं. ज्या ज्या राफ्टरच्या (छपराच्या तिरक्या वाशांच्या) गाळ्याखाली सॉफिटची जाळी आहे, तिथे बॅफल (हवेची वाट मोकळी ठेवणारी पन्हळ) स्टेपल करा. त्याचं वरचं टोक नियोजित थराच्या वर यायला हवं.

सेल्युलोज नळीतून फुंकणारं यंत्र दुकानातून भाड्याने मिळतं. ठरावीक पिशव्या घेतल्या तर बऱ्याचदा फुकटही देतात. किती पिशव्या लागतील याचा तक्ता पिशवीवरच असतो: हजार चौरस फुटांना इतक्या. त्यात भरतानाची जाडी आणि बसल्यानंतरची जाडी वेगवेगळी दिलेली असते, हिशेब बसल्यानंतरच्या जाडीचा धरा. काम दोघांचं. खालचा माणूस गठ्ठे फोडून यंत्रात टाकतो, वरचा नळी धरून लांबच्या कोपऱ्यापासून दाराकडे मागे सरकत येतो. जॉइस्टवर (खालचं छत पेलणाऱ्या तुळयांवर) आडवी फळी टाकून तिच्यावरच वावरा. मधल्या ड्रायवॉलवर (छताच्या जिप्समच्या पातळ पाट्यांवर) पाय पडला की तो सरळ खालच्या बेडरूममध्ये. एन-९५ मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत आटोपलेलं बरं.

जाडी मोजायला जॉइस्टना कागदी पट्ट्या स्टेपल करतात, दर ३०० चौरस फुटांना एक. तेवढ्यावर मात्र विसंबू नका. यंत्रात हवा जास्त सोडली की माल फुलतो, पट्टीवर १६ इंच दिसतात आणि निम्म्या पिशव्या शिल्लक राहतात! काही महिन्यांत सगळं खाली बसतं. त्यामुळे रिकाम्या पिशव्या मोजा, त्यांचा आकडा तक्त्याशी जुळला पाहिजे.

फायबरग्लासच्या गुंडाळ्याच घालायच्या असतील तर कागद नसलेल्या आणा आणि जुन्या थराला आडव्या पसरा. कागदवाला थर वर घातला तर ओल मधोमध कोंडते. दाबून कोंबू नका, दबलेल्या थराची आर-व्हॅल्यू घटते.

शेवटी चढायचं दार. त्याच्याभोवती प्लायवुडची उभी चौकट आधीच ठोकलेली असावी, नाहीतर दार उघडताच भुसा डोक्यावर. झाकणाच्या पाठीला फोम बोर्डाचे थर चिकटवा, कडेला रबरी पट्टी लावा आणि झाकण घट्ट ओढून धरणाऱ्या दोन कड्या बसवा.