धुराने हुशार झालेले डोळे

१९७८ साली मी आठवी ब मध्ये होतो. इंग्रजीच्या तासाला सरांनी फळ्यावर वाक्य लिहिलं, 'हिज आइज स्मार्टेड विथ द स्मोक', आणि भाषांतर करायला सांगितलं. स्मार्ट म्हणजे हुशार, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. मी वहीत लिहिलं, 'धुराने त्याचे डोळे हुशार झाले.'

सरांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. वर्ग खो खो हसला. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "कुणाकुणाच्या घरी चूल आहे रे?" निम्म्याहून जास्त हात वर. "पावसाळ्यात लाकडं ओली असली की डोळ्यांना काय होतं?" कुणी म्हणालं झोंबतात, कुणी चुरचुरतात. साताऱ्याजवळच्या परळी खोऱ्यातून एसटीने येणारा एक मुलगा, एरवी तोंड न उघडणारा, हळूच म्हणाला, "सर, चुणचुणत्यात."

सर थबकले. "आणि तरतरीत पोराला काय म्हणतो आपण?"

"चुणचुणीत!"

दोन्ही शब्द त्यांनी शेजारी शेजारी लिहिले आणि खडू ठेवला. मग म्हणाले, इंग्रजीतही आधी वेदना आली, हुशारी मागाहून. (पुढे कोशात पाहिलं, खरंच तसं आहे. जर्मनमध्ये तर याच घराण्यातला 'श्मेर्त्स' अजून वेदनेलाच म्हणतात.) लागणारी चीज ती तीक्ष्ण, तीक्ष्ण ती चपळ, चपळ बुद्धीचा तो स्मार्ट. आपण तरी 'तिखट कानाचा' म्हणतोच की.

त्याच तासाला कळलं, की इंग्लंडात कुणाला स्मार्ट म्हटलं तर बहुधा त्याचे कपडे टापटीप असतात, आणि अमेरिकेत म्हटलं तर डोकं. आपल्याकडे इंग्लंडचाच अर्थ रुजला, तोही जरा घसरून. थोरल्या भावासाठी स्थळं बघताना 'मुलगी स्मार्ट आहे' याचा अर्थ गोरी, एवढाच निघायचा. आणि 'ओव्हरस्मार्ट' तर आपण थेट अतिशहाण्याच्या जागी बसवला. आता फोनही स्मार्ट झालाय. रात्री उशिरापर्यंत पाहिला की डोळे चुणचुणतात, ते वेगळं.

त्या भाषांतराला दोनपैकी अर्धा गुण मिळाला. शेजारी सरांनी लाल शाईने लिहिलं होतं, 'धूर बरोबर.'

परळी खोऱ्यातला तो मुलगा दहावीनंतर दिसला नाही. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला आलास, तर मला शोध रे. मोती चौकातले कंदी पेढे माझ्याकडून.