नेमके कालच दुखले नाही

काल पुण्याहून परत आल्यापासून एका गोष्टीचा उलगडा होत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याचा आजार, मला आहे का हे ठरवणाऱ्या ज्या तपासणीची मी इतके महिने वाट पाहिली, तिच्या दिवशी माझे अंग फारसे दुखत नव्हते, आणि त्याचे बरे वाटण्याऐवजी मला रडू आले.

एरवी साताऱ्याहून एसटी निघाली की खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत कंबर भरून येते, शिरवळच्या पुढे पोटऱ्यांत ठणका सुरू होतो आणि स्वारगेटला उतरताना दांडीला धरून थोडे थांबावे लागते. काल तसे काहीच झाले नाही. मी सरळ उतरले आणि रिक्षापर्यंत चालत गेले. ह्यांनी विचारले, ‘आज बरे दिसते आहे?’ मी हो म्हणाले, पण छातीत धस्स झाले. वर्षभर मन लावून अभ्यास केलेल्या मुलाला तोंडी परीक्षेत नेमके काही आठवू नये, तशी माझी अवस्था होती.

संधिवाताच्या डॉक्टरांनी आधी जुनी फाइल शांतपणे पाहिली. ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी सीसीपी या सूज आणि आमवात पाहणाऱ्या रक्ताच्या तपासण्या, ड जीवनसत्त्व, बी१२, कंबरेचा एमआरआय, असे सगळे त्या फाइलमध्ये आहे आणि सगळे ठीक आहे. चिकनगुनिया झाला होता का, हेही त्यांनी विचारले, कारण त्यानंतर सांधे महिनोन्‌महिने धरलेले राहू शकतात. मग त्यांनी एक फॉर्म पुढे केला. त्यावर शरीराच्या १९ जागा होत्या: मान, दोन्ही खांदे, दंड, कोपराखालचे हात, पाठीचा वरचा आणि खालचा भाग, छाती, पोट, दोन्ही बाजूंचे खुबे, मांड्या, पोटऱ्या आणि जबडा. गेल्या सात दिवसांत जिथे जिथे दुखले, तिथे खूण करायची होती.

फायब्रोमायल्जियाविषयी मी इतके वाचले आहे की हा हिशेब मला आधीच ठाऊक होता. सात किंवा अधिक जागा असतील तर दुसऱ्या भागात, म्हणजे थकवा, झोपेतून उठल्यावरचा शीण, विसराळूपणा, डोकेदुखी वगैरेंच्या बेरजेत, १२ पैकी ५ गुण निदानाला पुरतात. जागा चार ते सहा असतील तर ते गुण किमान ९ लागतात. माझ्या खुणा सहावर थांबल्या आणि दुसरी बेरीज आठ भरली. जबड्याच्या चौकटीपाशी पेन बराच वेळ अडले. जबडा गेल्या महिन्यात दुखत होता, इतका की भाकरीचा तुकडा चावताना डोळ्यांत पाणी यायचे, पण गेल्या सात दिवसांत नाही. मी ती चौकट रिकामी ठेवली. त्या रिकाम्या चौकटीकडे पाहताना जे वाटले, ते मला अजून धड सांगता येत नाही. दुखत नाही याचे दुःख कुणाला सांगावे?

आधी वाटले, हे साधे आहे. मला आजाराचे नाव हवे होते आणि ते हातचे निसटले. नाव मिळाले असते तर शाळेत रजेच्या अर्जावर काय लिहायचे हा प्रश्न सुटला असता. फळ्यावर लिहिण्यासाठी हात उचलताना खांद्यात कळ येते, म्हणून बसून शिकवायची परवानगी मागता आली असती. ‘तुम्हाला काहीही झालेले नाही, मनावर घेऊ नका,’ असे मला सांगितले गेले होते, त्याचे उत्तरही माझ्या हाती आले असते. आईसुद्धा अशीच कपाळाला फडके बांधून अंधाऱ्या खोलीत पडून राहायची आणि घरातले म्हणायचे... ते आज नको.

पण नाव निसटले एवढ्यानेच माणूस दवाखान्याच्या बाहेर पायरीवर बसून रडत नाही. मला वाटते, मला माझ्याच शरीराचा राग आला होता. रात्र-रात्र ज्याने मला कूस बदलू दिली नाही, अंगावरची चादर जड वाटावी इतके ज्याने छळले, त्याने आपली बाजू मांडायची वेळ आली तेव्हा गप्प राहावे? बरे वाटण्याचीसुद्धा भीती वाटावी, इतकी या दुखण्याने मला पुराव्याची भूक लावली आहे. काल ज्याला मी दुर्दैव म्हणत होते, तो एरवी कुठल्याही आठवड्यात मी देवापाशी मागितला असता असा दिवस होता.

डॉक्टरांना ते कळले असावे. त्यांनी सांगितले की १९९० साली अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने या आजाराचे जे निकष ठरवले, त्यांत अंगावरच्या १८ ठिकाणी सुमारे ४ किलोचा दाब, म्हणजे दाबणाऱ्याच्या अंगठ्याचे नख पांढरे पडेपर्यंत, देऊन किमान ११ ठिकाणी दुखते का ते पाहायचे असे. २०१० साली आलेल्या निकषांत ते दाबणे गेले आणि रुग्ण काय सांगतो याला जागा मिळाली. २०१६ साली त्यांत पुन्हा सुधारणा झाली. दुखणे किमान तीन महिने टिकलेले असावे लागते, मात्र त्या काळात त्याचा चढउतार होतच राहतो, आणि एका आठवड्याच्या बेरजेवर त्या डॉक्टर कुणाला परत पाठवत नाहीत. रक्ताच्या तपासण्यांत फायब्रोमायल्जिया दिसत नाही. थायरॉइड, आमवात, ल्युपस यांसारखे काही नाही ना, एवढेच त्या तपासण्या सांगतात. वेदनेचे तीन प्रकारही त्यांनी सांगितले: सूज किंवा इजा यांमुळे होणारी वेदना एक, मज्जातंतूंच्या बिघाडामुळे होणारी दुसरी, आणि वेदना जाणवण्याची यंत्रणाच अतिसंवेदनशील झाल्यामुळे होणारी तिसरी. या तिसरीला, जिच्यात फायब्रोमायल्जिया येतो, वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ साली नोसिप्लास्टिक असे वेगळे नाव दिले. म्हणजे माझे स्वच्छ रिपोर्ट माझ्या विरुद्ध साक्ष देत नव्हते. हे मी घरी वाचले होतेच, पण समोर बसलेल्या माणसाने माझ्याकडे पाहत ते सांगणे निराळे होते.

निदान त्यांनी अजून लिहिलेले नाही. थायरॉइडची टीएसएच तपासणी पुन्हा करायला सांगितली आहे, कारण मागची तपासणी जुनी झाली. रोज सोसेल तेवढेच चालायचे आणि बेताबेताने वाढवायचे. औषधांआधी यावर त्यांचा भर होता. आणि पुढच्या भेटीपर्यंत रोज रात्री वहीत नोंद करायची: कुठे दुखले, झोप कशी झाली, दिवसभरात काय करता आले. शेवटचा मुद्दा ऐकून मी चमकले. काय करता आले नाही याची यादी मला तोंडपाठ आहे. दुसरी कुणी कधी मागितली नव्हती.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले होते. ह्यांनी फाइल पिशवीत घातली आणि काही बोलले नाहीत. त्यांच्याही मनात काही असेल, ते मी विचारले नाही. कात्रज ओलांडताना माझ्या लक्षात आले की अजूनही कंबर दुखत नाही, आणि या वेळी मी ती दुखण्याची वाट पाहिली नाही. पुढच्या भेटीच्या आधीचा आठवडा असाच हलका गेला तर जाऊ दे. त्या आठवड्याच्या नोंदीही मी जशाच्या तशा घेऊन जाईन, आणि जबड्याची चौकट रिकामी असेल तर तीही तशीच दाखवीन.

आजची नोंद: उजवा खांदा, दोन्ही पोटऱ्या, मान. झोप तुटक. सकाळी चारभिंतीच्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत चालून आले, आणि सातवी ‘ब’चे निम्मे पेपर तपासून झाले.