तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीतला फिश टँक आणि घराची विक्री

लातूरचे आमचे घर २०२३ मध्ये विकल्यापासून भेटेल तो एक प्रश्न हमखास विचारतो: दिवाणखान्याच्या भिंतीत बसवलेला एवढा मोठा फिश टँक आधी काढून का टाकला नाहीत? नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसलेल्या गावात असले घर घ्यायला कोणी तयार झाले तरी कसे, हेही त्या प्रश्नात असतेच. अलीकडे घर विकायला काढलेल्या दोघांनी अगदी कळकळीने विचारले, म्हणून सविस्तर लिहिते.

टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच होता. २००९ मध्ये घर बांधताना आमच्या यजमानांनी दिवाणखाना आणि जेवणघर यांच्यामध्ये विटांचा ओटा बांधून घेतला, त्यावर कडप्पा टाकला, टँक आधी जागेवर ठेवला आणि मग त्याच्याभोवती भिंत उचलली. त्यात सुमारे तीनशे लिटर पाणी असे, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन तीनशे किलो. तो बाहेर काढायचा तर काच फोडावी लागणार किंवा भिंत पाडावी लागणार. दोन्हीला माझे मन धजेना.

घरे दाखवणाऱ्या मध्यस्थाने सुचवले की टँक कोरडा करा, आत दिवा लावा, शोभेच्या वस्तू मांडा. लोकांना शोकेस वाटेल. मी ऐकले, आणि ती माझी मोठी चूक झाली. आमचा ऑस्कर मासा निळ्या ड्रममध्ये हलवला. फिल्टरही त्याच ड्रममध्ये चालू ठेवला, कारण माशाच्या विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्येच वस्तीला असतात आणि वाहते पाणी थांबले की ते मरू लागतात. टँक महिनाभर कोरडा राहिला. या महिन्यात जे कोणी घर पाहायला आले, त्यांनी पहिला हात काचेवरच्या पांढऱ्या रेघेवर ठेवला. ती आमच्या बोअरच्या जड पाण्याच्या क्षारांची रेघ होती, पण त्यांना वाटले की टँक गळत असावा आणि म्हणूनच रिकामा केला असावा. एक कुटुंब तर बयाना देण्यापर्यंत आले आणि या एकाच शंकेवरून मागे फिरले. भरलेला, चालू टँक स्वतःच सांगतो की मी गळत नाही. रिकाम्या टँकची बाजू मात्र आपल्याला तोंडाने मांडावी लागते, आणि घर विकणाऱ्याच्या तोंडच्या शब्दाला किती किंमत असते हे मला त्या महिन्यात कळले.

म्हणून तो पुन्हा भरायला घेतला. एकदम न भरता रोज एक तृतीयांश भरला आणि खालच्या कपाटात जुनी वर्तमानपत्रे पसरून ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी डाव्या कोपऱ्यातला कागद रुपयाएवढ्या जागेत ओला झालेला दिसला. २०१६ मध्येही टँक काही महिने कोरडा राहिला होता आणि नंतर एक थेंबही गळला नव्हता, त्यामुळे मी निर्धास्त होते. पण तेव्हा सांध्यातले सिलिकॉन सात वर्षांचे होते, आता चौदा वर्षांचे झाले होते. पाणी उपसले, जुने सिलिकॉन पात्याने खरवडून काढले, नवे भरले, आठवडाभर वाळू दिले आणि पुन्हा भरले. या वेळी कागद कोरडे राहिले.

आता मध्यस्थाचे म्हणणे असे की दुरुस्ती झाली, विषय संपला, सांगायची गरज नाही. आमच्या वकीलसाहेबांनी मात्र मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ समोर ठेवला. भिंतीत पक्के बसवलेले ते घराबरोबर जाते, आणि विकणाऱ्याला ठाऊक असलेला पण घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणे हे कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. ते एवढेच म्हणाले, "ताई, टँक घराचा, मासा तुमचा. दोन्हींचं वेगवेगळं लिहा." कायदा नसता तरी मी सांगितलेच असते. ज्या घरात चौदा वर्षे राहिले, ते खोट्यावर दुसऱ्याच्या हाती देणे मला जमले नसते.

उदगीरकडचे एक शिक्षक जोडपे लहान मुलीला घेऊन आले, तेव्हा टँक भरलेला होता. सांधा कुठला बदलला, कधी बदलला, हे मी कपाट उघडून दाखवले. त्यांनी गळतीपेक्षा पाण्याचेच जास्त विचारले, आणि तेच योग्य होते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातुरात आली, ते दिवस कोणीच विसरलेले नाही. त्या उन्हाळ्यात आम्ही सगळे मासे नांदेडच्या नातेवाइकांकडे पोहोचवले होते. शेजारी घागरीसाठी रात्र जागवत असताना आपल्या भिंतीत तीनशे लिटर पाणी दिव्याखाली उजळत ठेवणे आम्हाला शक्य नव्हते. हे मी त्यांना जसेच्या तसे सांगितले. एरवी आठवड्याला साठ लिटर, म्हणजे चार बादल्या पाणी बदलावे लागते. निघालेले पाणी कढीपत्त्याला आणि तगरीला घालतो. नायट्रेटमुळे ते झाडांना खतासारखेच लागू पडते. पुन्हा तशी वेळ आली तर मासा कोणाकडे द्यायचा हे आजच ठरवून ठेवा, असेही म्हटले.

हे बोलणे चालू असताना मुलगी काचेला नाक लावून उभी होती. फूटभर लांबीचा ऑस्कर त्याच सकाळी पाणी बदलल्यामुळे तळाशी कुशीवर पडून होता. तिने विचारले, "आजी, ह्यो झोपायलाय का?" मी सांगितले की तो रुसला आहे, पाणी बदलले की ऑस्कर असे करतात. मी बोट काचेवर ठेवले तेव्हा त्याने एक डोळा तेवढा वळवला.

सौदा ठरला. कागदावर टँक, फिल्टर आणि दुरुस्त केलेला सांधा यांची नोंद केली. सहा वर्षांच्या माशाला पुण्यापर्यंतचा प्रवास घडवण्याचा धीर मला झाला नाही, म्हणून तो मुलीला दिला आणि त्याच्याबरोबर माझी पाणी बदलण्याच्या तारखांची वहीही दिली.

परवा तिचा फोन आला होता. "आजी, पाणी बदललं आन् हा परत झोपायलाय." मी विचारले, पाणी ड्रममध्ये एक दिवस उघडे ठेवले होते का, क्लोरीन उडून गेला होता का. ठेवले होते म्हणाली. "मग उद्यापर्यंत उठेल बघ," मी म्हटले, आणि वहीत तारीख लिहायला सांगितली.