सासवण्याचं करमरकर शिल्पालय: जरूर जा, पण रिक्षा आधी ठरवा

अलिबागजवळच्या सासवण्याला जायला गेटवेहून मांडव्याला बोटीने जाणार असाल, तर तिकिटातल्या बसच्या भरवशावर राहू नका. खिडकीवरच्या माणसाने "वाटेत सासवण्याला सोडतील" असं छातीठोक सांगितलं. मांडव्याला कंडक्टर म्हणाला, गाडी सरळ अलिबागला.

मग जेट्टीबाहेरच्या रिक्षा. पाच-सहा किलोमीटरचे चारशे रुपये, तेही एकेरी! घासाघीस करून तीनशेवर आणलं, तर उतरताना "थांबायचे वेगळे" सुरू. ही चक्क लूट आहे. जाणं, येणं, थांबणं सगळं धरून एकच आकडा बसायच्या आधी बोलून घ्या. आम्ही तावातावाने रिक्षा सोडून दिली आणि परतीला भर दुपारी दुसरी मिळेना. सोबत आई होती. तिचे पाय भरून आले, तो राग अजून उतरलेला नाही.

शिल्पालय मात्र याच्या दसपट त्रास काढून बघावं असं आहे. शिल्पकार विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर (१८९१–१९६७) याच गावचे. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी पाहिलं आणि पोराला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडलं. पुढे १९२८ साली पुण्यात महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला तो यांच्याच हातचा. माझगावच्या गोदीत एकसंध ओतलेला.

इथे त्यांचं घरच शिल्पांनी भरलेलं आहे. पुतळ्यांचे कोरडे चेहरे बघायला लागतील असं वाटलं होतं. समोर आली सिमेंटची म्हैस! कातडीवरच्या सुरकुत्या इतक्या जिवंत की आईने नकळत हात पुढे केला. (हात लावू नका, कितीही मोह झाला तरी.) कोळणीच्या पुतळ्यापाशी तर आम्ही खिळून राहिलो. घर बांधायच्या मालातून माणसाने अंगाची लव उभी करावी, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. निदान दोन तास ठेवा. किहीमचा समुद्र त्याच दिवशी उरकायचा असेल तर इकडे येऊच नका, धड काहीच होत नाही.

पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (गाड्याही नेणारी मोठी बोट) चालू आहे का बघा. शिल्पालय उघडं आहे ना, हे निघण्याआधी फोनवर विचारा. आणि परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ मांडव्याला उतरल्या उतरल्या जेट्टीवरच विचारून घ्या, रिक्षावाल्याला नको.