मारुती ८००: कन्नड घाटाआधी ब्रेकचं काम

सध्या गाडी इथवर आलीय: पुढचे दोन्ही कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) झाले, ब्रेक ऑइल बदललं, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. मागचे ड्रम उघडलेत, हँडब्रेक बाकी. मॉडेल एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं), पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही.

मूळ तक्रार अशी की ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. टायरमधली हवा दोन्हीकडे सारखी. अशा वेळी बहुतेक जण आधी डावं चाक खोलून बसतात. पण डावं चाक बिचारं आपलं काम करत असतं. उजवं अंग चोरतं, म्हणून गाडी डावीकडे जाते. उजवं खोललं तर आतला पॅड ३ मिमीच्याही खाली, बाहेरचा जवळपास नवा. एवढी तफावत दिसली की कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम झाल्या असं समजायचं. कॅलिपर सरकत नाही, मग पिस्टनच्या बाजूचा पॅड एकटाच घासत राहतो. पिनेचं रबरी बूट फाटलेलं होतं आणि आत काळ्या मातीचा चिखल वाळून बसलेला. पावसाळ्यात शेतातून निघालेले ट्रॅक्टर डांबरावर सोडतात तोच. आपल्याकडच्या गाड्यांत हे नेहमीचं, त्यामुळे पावसाळा सरला की पिना एकदा काढून बघाव्यातच.

पिना बारीक पॉलिश पेपरने साफ केल्या, बूट नवे घातले, सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिना पुन्हा अडकतात. डिझेलने धुण्याची सवयही इथे सोडावी. ब्रेक क्लीनर नाहीतर साबणाचं पाणी पुरतं. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नये, जुन्या लायनरमध्ये (ड्रममधल्या शूवरचा घासणारा थर) अॅस्बेस्टॉस असू शकतं; ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. पॅड मात्र दोन्ही बाजूंचे एकदमच बदलायचे.

पिस्टन मागे ढकलताना कॅलिपरवरचं हवा काढायचं निप्पल ढिलं करून नळी लावली, म्हणजे कॅलिपरमधलं काळं ऑइल उलटं मास्टर सिलिंडरकडे (पेडलने दाबला जाणारा मुख्य पंप) जात नाही.

ऑइल: डॉट ३ काढून डॉट ४ भरलं (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत). दोन्ही ग्लायकोलवाली, त्यामुळे चालतं. डॉट ५ सिलिकॉनचं, ते यात घालायचं नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४चा उत्कलनबिंदू कोरं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावर १५५ धरला जातो. घाटात तापलेल्या कॅलिपरजवळ जुनं ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जातं. पॅड कोरे असले तरी. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, गाडी कमी फिरली तरी.

हवा काढायचा क्रम मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. आत बसलेल्याने पेडल दाबून धरायचं, खालच्याने निप्पल उघडायचं, बंद करायचं, मगच पाय उचलायचा. ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी खाली जाऊ दिली तर पुन्हा पहिल्यापासून. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला होता. जुन्या सिलिंडरच्या टोकाकडचा भाग गंजलेला असतो. पेडल तळापर्यंत गेलं की सील त्या गंजावर घासून फाटतं. काम चांगलं करूनही मास्टर सिलिंडर गेल्याच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ हेच.

बूस्टर (इंजिन चालू असताना पेडलचा जोर वाढवणारा भाग): इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबलं, दाबूनच ठेवलं आणि गाडी सुरू केली. पेडल किंचित खाली गेलं. ठीक. दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली सरकत राहिलं असतं तर मास्टर सिलिंडरवर किंवा कुठेतरी गळतीवर संशय. स्पंजासारखं लागलं तर हवा राहिलीय.

नवे पॅड बसवायला मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किमीवरून १० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग उतरवला, मध्ये थोडं अंतर चालवत. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभं राहायचं नाही.

घाट उतरताना चाळीसगावच्या बाजूला दुसरा-तिसरा गिअर, वळणाआधी ठाम ब्रेक, मग पाय पूर्ण बाजूला. हलका पाय सतत ठेवला की डिस्कला थंड व्हायला वेळच मिळत नाही. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचतं हा समज एमपीएफआयला लागू नाही: गिअरमध्ये रेस सोडली की इंजेक्टर बंद होतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. इंजिन बंद करून उतरणारे तर बूस्टरही गमावतात.

एबीएस नसल्याने चाक लॉक झालं की स्टिअरिंग ऐकत नाही. दाब थोडा सोडायचा, चाक फिरू लागलं की पुन्हा वाढवायचा. ऊसतोडीच्या दिवसांत रात्री विनादिव्याची ट्रॉली पुढे येते तेव्हा ८०च्या वेगात एका सेकंदात २२ मीटर जातात, तेही पाय ब्रेकवर पोचायच्या आत.

बाकी काम: मागच्या डाव्या व्हील सिलिंडरचं (ड्रममधले शू बाहेर ढकलणारा भाग) बूट ओलसर आहे, रबरी सीलचं किट टाकायचं. लायनरला ऑइल लागलंय, ते घासून वापरायचं नाही, दोन्ही बाजूंचे शू बदलायचे. त्यानंतर शू अॅडजस्ट, आणि हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी.