बाटलीला बर्फ नको

नारळी पौर्णिमा होऊन होड्या समुद्रात गेल्या, त्याच आठवड्यात मालवणकडचे एक तांडेल पाण्याने फुगलेलं पोट घेऊन आमच्याकडे आले. वय ५२, सिरॉसिस (यकृत आक्रसून निबर होण्याचा आजार) जुना. ताप, जराशी गुंगी. अशा पोटातलं पाणी त्याच दिवशी सुईने काढून तपासायचं असतं. ‘उद्या बघू’ म्हणणाऱ्या डॉक्टरांचा मला संताप येतो. पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ निघालं. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, घन मिलिमीटरला ९००. २५० भरल्या तरी जंतुसंसर्ग धरतात.

त्यातलं दहा मिली मी खाटेशेजारीच ब्लड कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या, बाटलीत घातलं. साध्या बल्बमधून (नमुन्याच्या रिकाम्या नळीतून) पाठवलं की बरेचदा ‘वाढ नाही’ असाच रिपोर्ट येतो. बाटली कोल्हापूरला जायची होती. पुतण्या धावत जाऊन जेटीवरून थर्माकोलचा खोका घेऊन आला, बर्फाने भरलेला. “डॉक्टरांनू, ह्येच्यात घालूया, खराब होवची नाय.” बिचाऱ्याने मासळीला लागतं ते सगळं केलं होतं. थंडीत जंतू वाढत नाहीत, हे त्याला समजावलं. मग त्याने बाटली टॉवेलात गुंडाळली आणि मांडीवर धरून घाट चढला.

सेफ्ट्रियाक्सोन हे नेहमीचं अँटिबायोटिक आणि किडन्या सांभाळायला अल्ब्युमिन हे प्रथिन सुरू केलं. ४८ तासांनी पुन्हा सुई घातली : ८६०. पेशी चौथाईनेही उतरल्या नाहीत, म्हणजे औषध लागू नाही. लगेच मेरोपेनेम या जास्त ताकदीच्या अँटिबायोटिकवर गेलो. संध्याकाळी फोन आला : ई. कोलाय, ईएसबीएल. म्हणजे सेफ्ट्रियाक्सोन फोडून टाकणारं एन्झाइम बनवणारा जंतू.

ताप उतरला, पण तोवर किडन्या गेल्या होत्या. किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन १.३ वरून ३.४. गोव्याला हलवलं, आठवड्याने ते गेले.

महिन्यापूर्वी ते दुसऱ्या एका रुग्णालयात पाच दिवस होते. डिस्चार्जच्या कागदावर फक्त ‘अँटिबायोटिक दिले’. कुठलं, किती दिवस, काही नाही. असं लिहिणं मला गुन्हा वाटतो. पण ती ओळ मी पहिल्याच दिवशी वाचली होती. नुकताच इस्पितळात राहून आलेला सिरॉसिसचा रुग्ण नेहमीच्या औषधाला दाद देईलच असं नाही, हे मला पाठ आहे. तरी मी त्या रुग्णालयाला फोन केला नाही.

तांडेलांची बायको, वहिनी, कागदांसाठी आल्या तेव्हा त्यांनी एक पिशवी टेबलावर ओतली. कात्रीने कापलेले स्ट्रिपचे तुकडे, दोन गोळ्यांचे, तीन गोळ्यांचे. बहुतेकांवर नाव नाही, नुसती लाल रेघ, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न घ्यायच्या औषधाची खूण. “ताप इलो काय मेडिकलातसून हाडीत,” त्या म्हणाल्या. एका तुकड्यावर अक्षरं उरली होती : सेफिक्झिम. २०१४ पासून ज्याच्या विक्रीची वेगळी नोंदवही ठेवावी लागते ते औषध. माझ्या सेफ्ट्रियाक्सोनचंच भावंड.