रॅक घरी ठोकलं, पण पलंग विकतच

टिंबर मार्केटमधून आणलेल्या प्लायचं आज पुस्तकांचं रॅक उभं केलं. हात भरून आलेत, हॉलभर भुसा.

रेडिमेड स्वस्त पडलं असतं का? हो, पडलं असतं. पण स्वस्तातली बहुतेक रॅक पार्टिकल बोर्डची असतात, म्हणजे लाकडाचा भुगा आणि रेझिन दाबून केलेली फळी. वरचं लॅमिनेट झकास दिसतं, पण कडेनं पाणी शिरलं की बोर्ड फुगतो तो फुगतोच. घर बदलताना एकदा खोललं की स्क्रूही पुन्हा तसा घट्ट बसत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी हे आधी बघावं.

8 बाय 4 फुटांचा प्लाय घरी कापायच्या भानगडीत पडलो नाही, दुकानातच मशीनवर कापून घेतला. मापं देताना पातं प्रत्येक कापात दोन-तीन मिलिमीटर खातं, हे धरावं लागतं. फळी 18 मिलिमीटरची, आणि आधार अडीच फुटांच्या आत. लांब फळी पुस्तकांच्या वजनानं हळूहळू पोट काढते. सिंकखालचं कपाट असतं तर आयएस 710 चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघून घेतला असता. पुस्तकांना आयएस 303 चा, म्हणजे सर्वसाधारण वापराचा प्लाय चालतो.

पलंग आणि वॉर्डरोब मात्र मी विकतच घेईन. सरकत्या दारांचे चॅनेल एका रेषेत बसवणं मुरलेल्या सुताराचं काम, रविवारच्या मिस्त्रीचं नव्हे.

आता कडांना गोंदवाली पट्टी इस्त्रीनं चिकटवायची आहे. कुणाकडे जुनी इस्त्री पडून आहे का? घरातली मिळणार नाही, असं बायकोनं स्पष्ट सांगितलंय.